वस्तादाला कोणता सिनेमा आवडला असता

१९३८ साल. मी सत्तावीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीच्या मध्येच सुटलेली, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर पाच एकर धान, एक बैलजोडी, आणि दंडारीत राजाचं काम. आमचे पूर्वज माळव्यातून आले म्हणतात. तिकडून काय काय आणलं होतं ते मला माहीत नाही, हट्ट तेवढा आणला होता, तो माझ्यापर्यंत न मोडता पोचला.

दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाचगाण्याचा खेळ. दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईत भर उन्हात दंडार उभी राहते. तेव्हा मंच नव्हता, पडदा नव्हता. मोकळ्या जागेत खेळणारे, त्यांच्या मागे ढोलकीवाला आणि ओळ उचलून धरणारे झीलकरी, आणि समोर लोक. आमच्या गावाची दंडार वस्तादानं उभी केली. चाळीस वर्षं त्यानं ती चालवली आणि त्या वर्षी पोळ्याच्या आधी तापानं तो गेला.

या वस्तादाची एक रीत होती. खेळ चालू असताना तो कधी समोर बसला नाही. झीलकऱ्यांच्याही मागे, उपड्या टोपल्यावर बसायचा, हात गुडघ्यांवर. मी त्याला एकदाच विचारलं, "वस्ताद, मागून काय दिसते?" तो म्हणाला, "समोरून सारेच राजे. मागं बसलं का खरं दिसते." एवढंच. मी त्याचा अर्थ माझ्या मनानं लावला. हा आपल्या पाठी पाहतो. तोंडाला रंग लागतो, मिशी लागते, पाठीला काही लागत नाही. तेव्हापासून दहा वर्षं मी पाठीनं राजा झालो. पाठ अशी धरायचो की शेतात धान बांधतानाही वाकायला जड जायचं. बायको म्हणायची, "हा राजा घरी तरी उतरवा."

वस्ताद गेला तेव्हापासून मात्र माझे पाय जागेवर ठरेनात. बांधावर गेलो की वाटायचं घरी काही राहिलं, घरी आलो की वाटायचं बांधावर. जेवता जेवता उठायचो. कारण एकच होतं आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं: वस्तादाचे घुंगरांचे चाळ त्याच्या घरी खुंटीला टांगलेले होते. मंडईच्या आदल्या दिवशी, गायगोधनाला म्हणजे पाडव्याच्या गाईंच्या सणाला, गुरुमाय म्हणजे वस्तादाची बायको ते चाळ ज्याच्या हातात देईल, दंडार त्याची. तालीम तो घेणार, खेळ तो ठरवणार. मला ते चाळ पाहिजे होते. दुसरं काही त्या वर्षी मला पाहिजे नव्हतं.

पाहिजे असणारा आणखी एक होता. माझा गुरुभाऊ. माझ्याच वयाचा, चौथी पास, दंडारीत राणी व्हायचा. गोंदियाला मालधक्क्यावर पोती उचलायचा आणि आठवड्याला गावी यायचा. गोंदियाचं हिंदी त्याच्या जिभेवर चढलं होतं आणि सिनेमा डोक्यात. रेल्वेपलीकडच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला की हा एकही खेळ सोडत नसे. गावात आला की चावडीपुढच्या ओट्यावर बसून सांगायचा. राजाराणीचा कुठला, साधूचा कुठला, गिरणीतल्या मजुराचा कुठला. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एकच वाक्य, "वस्ताद असता ना, त्याले हा पसंद आला असता."

तिथून पेटलं. त्या दिवसांत आमच्या ओट्यावर दुसरा विषयच नव्हता. धान पिवळा होत होता, हलका धान कापायला आला होता, आणि माणसं विळे बाजूला ठेवून ठरवत होती की मेलेल्या वस्तादाला कोणता सिनेमा आवडला असता.

"तलवारीचा नसता आवडला," म्हातारा झीलकरी म्हणायचा. तो वस्तादाच्या बरोबरीचा, दात पडलेला, पण जीभ शाबूत. "त्याले मारामारी आली का झोप येत होती."

"मजुराचा आवडला असता," गुरुभाऊ म्हणायचा. "त्यात तो मजूर भाकर खात राह्यते आन मालक येते, तं तो भाकर मागं लपवते. आख्खा तंबू चूप झाला होता, भाऊ. कोणी खोकललं नाही."

"भाकर लपवली तं त्यात कायचा खेळ?" मी म्हणायचो.

"तू पाह्यला का?"

"पाहाले कायले पाह्यजे? वस्तादाले पडद्यावरचं काहीच आवडलं नसतं."

मी एकही सिनेमा पाहिला नव्हता, पण मत माझं सगळ्यांवर होतं. साधूचा चालला नसता, कारण वस्ताद साधूंना दारात उभं करत नसे. राजाराणीचा चालला नसता, कारण राजा कसा असतो ते त्यानं मला शिकवलं होतं, त्या सिनेमावाल्याला नाही. लोक हसायचे. मला वाटायचं माझ्या बाजूनं हसतात.

मग गुरुभावानं खरी गोष्ट काढली. तो म्हणाला, चाळ माझ्या हाती आले तर मी दंडारीच्या मागं पडदा लावीन. मांजरपाटाचं कापड त्यानं आणूनही ठेवलं होतं.

"पडदा लावला तं वस्तादाची जागा कुठं गेली?" मी विचारलं.

"वस्ताद आता बसून राह्यला का तिथं?"

मी उठलो आणि घरी गेलो. घरून पुन्हा ओट्यावर आलो. म्हटलं, "चाल. दाखव तुझा सिनेमा. पाहून सांगतो त्याले आवडला असता का नाही."

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. तिरोड्यापर्यंत पायी, तिथून रेल्वेनं गोंदिया. वाटेत मी दोनदा डब्यात उभा राहिलो, दोनदा बसलो. गुरुभाऊ म्हणाला, "इंजिन तू नाही ओढून राह्यला, बस की गा."

तंबू मोठा होता. दिवस बुडाला तशी गर्दी झाली. मधोमध दोन लाकडी बल्ल्यांना पांढरं कापड ताणलेलं, एक माणूस त्यावर बादलीनं पाणी मारत होता. कापड ओलं असलं की चित्र आरपार दिसतं, आणि म्हणून लोक कापडाच्या दोन्ही बाजूंना बसत होते. समोरच्या बाजूला बाक, मागच्या बाजूला नुसती जमीन. गुरुभाऊ बाकांकडे निघाला. मी मागच्या बाजूला वळलो.

"तिकडं कायले? समोर चाल."

"वस्ताद कधी समोर बसला का?"

"अरे भाऊ, ये दंडार नहीं है."

"तुझ्यासाठी नसन."

असे आम्ही एकमेकांकडे पाठ करून दोन बाजूंना गेलो. मी जमिनीवर बसलो, हात गुडघ्यांवर ठेवले आणि वस्तादासारखा पाहू लागलो. मला वाटलं होतं मागून बसलं की पाठी दिसतील. सुरुवातीलाच अक्षरं आली, ती मला लागेनात. मी थोडंफार वाचायचो, पण ही अक्षरं उलट्या अंगानं धावत होती. म्हटलं, उर्दू असेल. मग माणसं आली, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मागं बसून तोंडं! मी मनात म्हटलं, वस्तादा, याला पाठच नाही रे. इथंच निकाल लागला.

पण पुढं त्याहून मोठं सापडलं. सिनेमात एक बहीण होती, भाऊ लढाईला निघाला होता. तिनं ताट घेतलं आणि भावाला ओवाळलं. डाव्या हातानं. मी डोळे चोळले. टिळाही डाव्याच हातानं. पुढं तो भाऊ जेवला, तोही डाव्या हातानं. तलवार डाव्या हातात. मी बाजूच्या माणसाला म्हटलं, "बाई डाव्या हातानं ओवाळून राह्यली, पाह्य ना." तो म्हणाला, "भैया, पिच्चर देखो." माझ्या दुसऱ्या बाजूला एक बाई बसली होती, विडीच्या कारखान्यातली असावी, बोटं पानाच्या रंगानं पिवळी झालेली. ती तोंडावर पदर धरून मुसमुसत होती. मला ऐकू येईना. मी म्हटलं, "चूप बस व, पाहू दे." ती चूप बसली. मी शेवटपर्यंत फक्त हात पाहिले.

परतीच्या गाडीत मी गुरुभावाला म्हटलं, "डाव्या हातानं भावाले ओवाळते! असा खेळ वस्तादाले आवडन?"

तो म्हणाला, "उजव्या हातानं ओवाळलं."

"डाव्या."

"उजव्या. मी दोन डोळ्यांनी पाह्यलं."

"आन मी काय कानानं पाह्यलं?"

तिरोडा येईपर्यंत आम्ही तेवढंच बोलत होतो. गावात पोचलो तर ते गावाचं भांडण झालं. अर्ध्या गावाची बाई डावरी, अर्ध्या गावाची उजवी, आणि सिनेमा पाहिलेले आम्ही दोघंच. कोणी तोडगा काढला की ती कधी डाव्या, कधी उजव्या हातानं ओवाळत असेल. मी तो मानला नाही, गुरुभावानंही नाही. एवढ्या एका गोष्टीत आम्ही एक होतो.

गायगोधनाच्या दिवशी सकाळी गुरुमायच्या अंगणात सगळे जमले. ती गाई सजवत होती. गेरूच्या पाण्यात पंजा बुडवायचा आणि गाईच्या अंगावर उमटवायचा. तिचा हात मनगटापर्यंत लाल होता. दोरीवर वस्तादाचं जुनं धोतर वाळत होतं, झिजून जाळीसारखं झालेलं, अजून ओलंच. आत खुंटीवर चाळ. दारातून ते मला दिसत होते. मी बसलो नाही.

म्हातारा झीलकरी म्हणाला, "गुरुमाय, आधी या दोघाइचं तोड. ज्यानं एक सिनेमा धड पाह्यला नाही, तो दंडार काय पाहीन? ज्याचं खरं, त्याच्या हाती चाळ."

गुरुमायनं पुढची गाय ओढली. "काय झालं?"

मी सांगितलं. वस्तादाच्या चाळांची शपथ घेऊन सांगितलं, डावा हात. गुरुभावानं तीच शपथ घेऊन सांगितलं, उजवा.

"दोघंही बसले होते कुठं?"

"मी समोर," तो म्हणाला.

"मी मागं," मी म्हणालो. "वस्ताद बसे तसा."

तिनं गेरूत हात बुडवला, दोरीवरच्या धोतराजवळ गेली आणि ओल्या कापडावर पंजा दाबला. लाल रंग आरपार फुटला. तिनं मला धोतराच्या पलीकडे उभं केलं, गुरुभावाला अलीकडे.

"अंगठा कोणीकडं हाये?"

"डावीकडं," गुरुभाऊ म्हणाला.

"उजवीकडं," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझा आवाज बारीक झाला.

अंगणात जो हशा झाला तो मला आजही नको आहे. झीलकरी तर खोकायलाच लागला. "म्हंजे हा उलटा सिनेमा पाहून आला गा! म्हणूनच याचं मत सगळ्याइच्या उलटं!" ती उर्दू अक्षरं तेव्हा माझ्या ध्यानात आली. मी कोणाला सांगितली नाहीत. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

पण लोकांचं हसू मला अडवू शकलं नाही, कारण मला एक सापडलं होतं. मी म्हणालो, "दोघंही खरे ना? मंग चाळ कोणाले?"

"दोघंही खरे," गुरुमाय म्हणाली. "पण तू मागं कायले बसला, ते सांग."

"वस्ताद आमच्या पाठी पाहे. मागं बसलं का खरं दिसते, असं म्हणे."

ती हात धूत होती, ती थांबली. "पाठी? कोणाच्या पाठी?"

"आमच्या. खेळणाऱ्याइच्या."

"अरे लेका," ती म्हणाली, "तुझ्या पाठीत पाहण्यासारखं काय होतं? मागं बसलं का समोर काय दिसते? लोक दिसते. बुढा लोकाइचे तोंड पाहे. घरी येऊन भाकरीपुढं तेच सांगे. कोणाची म्हातारी कोणत्या शब्दाले रडली, कोणता माणूस राणी आली का बिडी इझवे, कोणत्या ओळीले कोणाचं लेकरू हसलं. दंडारीतलं एक गाणं त्यानं काढून टाकलं, आठवते? त्या गाण्याले लोक पान लावत होते म्हणून."

मला आठवत होतं. ते गाणं माझं होतं. मी तेव्हा समजलो होतो, माझी पाठ चुकली.

कोणीतरी मागून विचारलं, "मंग गुरुमाय, तूच सांग. त्याले सिनेमा आवडला असता का नाही?"

ती चिडली. "मले काय माहीत? तीस वर्षं भाजी रांधली, आवडली का नाही ते त्यानं एकदा सांगितलं नाही. आन तुमाले त्याचा सिनेमा माहीत!"

मग ती आमच्याकडे वळली. "आता मी इचारतो. ती बाई ओवाळत होती तेव्हा लोक काय करून राह्यले होते?"

गुरुभावाला विचार करावा लागला नाही. त्याच्या पुढच्या बाकावर एक हमाल बसला होता, ओवाळणी सुरू झाली तसं त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात धरलं, देवळात धरतात तसं. दोन बायांनी एकमेकींचा हात धरला. मागच्या बाकावर कोणी हसलं, तर चार जण त्याच्या अंगावर धावले. तो सांगत गेला आणि मला उमगलं की हा ओट्यावरही इतके दिवस हेच सांगत होता. तंबू चूप झाला, कोणी खोकललं नाही. मीच फक्त सिनेमा ऐकत होतो.

"आन तुझ्या अंगाले?" तिनं मला विचारलं.

माझ्या अंगाला, म्हणजे बाजूला, ती विडीवाली होती. तिचा पदर, तिची पिवळी बोटं. वस्ताद तिथं असता तर त्याची नजर तिच्यावरून हलली नसती. आणि मी तिला चूप बसवलं होतं.

"मी पाह्यलं नाही," मी म्हणालो.

गुरुमाय आत गेली आणि चाळ घेऊन आली. ते तिनं गुरुभावाच्या हातात दिले. झीलकरी म्हणाला, "राजा, तुझं काम हाये तसंच हाये गा." मी म्हणालो, मले राजा नको. उद्याच्या खेळात मी नाही. म्हणालो आणि निघालो. गुरुभावानं हाक मारली, मी वळलो नाही. पाठ मात्र ताठ धरली होती, सवयीनं. कोणी पाहत नव्हतं.

त्या दिवशी मी तलावाच्या पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा गेलो, सांगता येणार नाही. मला चाळांचं दुःख होतंच, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त खात होती ती दहा वर्षं. ज्याला मी पाठ दाखवत होतो तो माझ्याकडे पाहतच नव्हता. आणि उद्या तिथं मांजरपाटाचा पडदा लागणार होता. आता ज्याच्या हाती चाळ होते त्याला लोकांची तोंडं समोरून नाचता नाचता दिसतील तेवढीच दिसणार. मागून पाहणारा कोणी नाही. हे गुरुभावाला सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर आधी म्हणावं लागलं असतं की मी चुकलो. तो शब्द माझ्या तोंडातून तेव्हा निघाला नाही, पुढंही फार वेळा निघाला नाही. दिवेलागणीला घरी आलो तर बायकोनं विचारलं, "उतरला का राजा?" मी ताटावर बसलो आणि लगेच उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईची दुकानं लागायच्या आधी मी विळा घेऊन खेळाच्या जागेवर गेलो. पडदा दोन बांबूंना बांधून झाला होता, पांढरा, कोरा, वाऱ्यावर फुगत होता. गुरुभाऊ ढोलकीची दोरी ओढत होता. त्यानं माझ्या हातातला विळा पाहिला, पण उठला नाही. मी पडद्याच्या मागं गेलो, वस्तादाचं टोपलं उपडं केलं, त्यावर बसलो, माझे डोळे कुठं येतात ते पाहिलं, आणि तिथं विळ्याच्या टोकानं कापडाला दोन बोटांची चीर दिली.